गुळाच्या पाण्यातला लेथ

ह्यांचं नाव हिरामण. घेतलं बघा, एका दमात. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कितीतरी वर्षं मी ते तोंडातून काढलं नाही. आता या वयात मला कोण काय म्हणणार? आणि ज्या माणसाची गोष्ट सांगायची त्याचं नावच घ्यायचं नाही, तर तुम्हांला काय कळणार, कपाळ?

मी कमळाबाई. आमचं घर बदलापूरला, कुळगावात, विहिरीच्या अलीकडे. हे अंबरनाथच्या एका कारखान्यात टर्नर होते. टर्नर म्हणजे लेथवर काम करणारा. लोखंडाचा तुकडा चकात आवळायचा, चक गरगर फिरतो, आणि हत्यार लावून तो तुकडा पाहिजे तसा सोलून काढायचा. हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ह्यांच्या सदऱ्याला तेलाचा वास येतो आणि तो सोडा टाकून उकळलं तरी जात नाही, एवढंच माझं ज्ञान.

गोष्ट माझ्यापासून सुरू होते, म्हणून माझ्या वाटणीचं आधी सांगून टाकते. बावन्न सालची नारळी पौर्णिमा होती. नारळ सोलताना कोयता सटकला आणि ह्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला खोल लागलं. रक्त काही थांबेना. मी हळद दाबली, जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि शेजारचं बोट आधाराला घेऊन दोन्ही बोटं करकचून बांधली, तीन गाठी मारून. दुसऱ्या दिवशी कामावर निघताना हे चिंधी सोडायला लागले, तर मी ओरडले. खबरदार हात लावाल तर, माती जाईल, बोट पिकेल, मग बसा बोंबलत. माझा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. तेव्हा मी ओरडले की विहिरीवरच्या बायका कळशी खाली ठेवून ऐकायच्या. हे बिचारे चिंधी तशीच ठेवून गेले.

दुपारी त्या चिंधीचं टोक फिरत्या चकात अडकलं. चिंधीबरोबर हात ओढला गेला आणि पहिलं आणि मधलं अशी दोन बोटं मुळापासून गेली.

कारखान्यात चौकशी झाली. हाताला काही बांधून मशीनवर उभं राहायचं नाही, हा तिथला पहिला नियम. ही चिंधी कोणी बांधली, असं फोरमननी विचारलं तेव्हा ह्यांनी सांगितलं, मीच बांधली, घाईत सोडायची राहिली. कागदावर तसंच लिहिलं गेलं. हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही फोरमनसाहेबांकडून. घरी ह्यांनी त्या चिंधीचा विषय एकदाही काढला नाही. मला वाटायचं, काढावा. एकदा ताट आपटावं, चार शिव्या घालाव्यात, म्हणजे मलाही मोकळं होता येईल. पण हे गप्प, आणि हे गप्प राहिले की मी आणखी भांडायची. चूक माझी असली की मला दुप्पट राग येतो, असा माझा स्वभाव.

जखम भरली तेव्हा कारखान्याने ह्यांना काढलं नाही, हे उपकारच म्हणायचे. पण मशीन गेलं. ह्यांना स्टोअरच्या खिडकीत बसवलं, आणि काम काय दिलं म्हणाल, तर मशीन पुसायच्या चिंध्या वाटायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिंध्या मोजायच्या आणि द्यायच्या. देवाला तरी थोडं काही वाटायला हवं होतं. हे घरी यायचे, जेवायचे, ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी भात जास्त वाढला तरी बोलायचे नाहीत आणि कमी वाढला तरी बोलायचे नाहीत.

फोरमन होते श्रीपादराव. पेठेतला माणूस, बोलणं नेमकं, पण काळीज जाग्यावर. दिवाळीत त्यांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, हिरामण, तुझ्या मशीनवर मी अजून कायमचा माणूस लावलेला नाही. महाशिवरात्रीची जत्रा झाली की त्यानंतरच्या सोमवारी लावावाच लागेल. त्या दिवसापर्यंत तीन बोटांनी चौकोनी आटे पाडून दाखव, मशीन तुझं. नाहीतर मग खिडकी, आणि ती कायमची.

त्या संध्याकाळी ह्यांनी भात मागून घेतला. किती महिन्यांनी ते मला आजही आठवतं, पण ते राहू दे.

आटे पाडणं म्हणजे स्क्रूचे पेड कापणं. हत्यार लोखंड कापत कापत आट्याच्या शेवटाला पोचलं की एका हाताने ते मागे ओढायचं आणि दुसऱ्या हाताने खटका सोडायचा, दोन्ही एकाच क्षणी. चुकलं की तुकडा वाया. जुना हात हे झोपेतही करायचा. नव्या हाताला शिकवायला मशीन पाहिजे होतं, आणि कारखान्याचं मशीन कोणी शिकायला देत नाही. म्हणून ह्यांनी ठरवलं, घरी लेथ उभा करायचा. मी म्हटलं, हो का, आणि पुढच्या आठवड्यात आगगाडी करा. हे हसले. मला वाटतं त्या हसण्यापायी मी पुढचं सगळं सहन केलं.

उल्हासनगरला लढाईच्या वेळी मिलिटरीची छावणी होती. लढाई संपून ती उठली आणि फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी माणसं येऊन राहिली. मिलिटरीने मागे टाकलेलं लोखंड बराकींच्या मागे ढिगांनी गंजत पडलेलं होतं, आणि त्यातल्या एका ढिगाचा मालक होता टेकचंद. सिंधमध्ये त्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं, ते तिथेच राहिलं. हे त्याच्याकडे गेले, तीन बोटांचा हात दाखवला आणि काय पाहिजे ते सांगितलं. टेकचंदने बराच वेळ तो हात बघितला आणि म्हणाला, "ले जाओ मिस्त्री, जो चलाएगा उसी का." बदल्यात ह्यांनी रविवारी त्याचं भंगार निवडून द्यायचं, पितळ वेगळं, पोलाद वेगळं, ओतीव वेगळं. अशी माणसं होती. स्वतःचं सगळं घालवून आलेली, आणि दुसऱ्याला देताना हात न आखडणारी.

मग दर रविवारी माझ्या पडवीत एकेक अवयव यायला लागला. आज चक, पुढच्या रविवारी टेलस्टॉक, म्हणजे तुकड्याचं दुसरं टोक धरणारा भाग, त्याच्या पुढच्या रविवारी दोन दातेरी चाकं, एकाचे दात पडलेले. सगळं तांबडं, पोपडे सुटलेलं, हात लावला की हात तांबडा. लेथचा बेड म्हणजे खालचा लांब ओतीव पाट, तो चार माणसांना उचलेना. बारवीकडचा बारकू लाकडं विकायला उल्हासनगरला बैलगाडी न्यायचा आणि रिकामी परत आणायचा, त्याने तो आणून दिला. वर आपल्या मोडक्या गाडीचं एक चाकही दिलं, कारण आमच्याकडे वीज नव्हती आणि लेथ फिरवणार कसा, हा प्रश्न होता. ह्यांनी ते चाक एका खांबावर बसवलं, त्याला मूठ लावली, चाकावरून लेथच्या पुलीवर पट्टा चढवला. आता चाक फिरवायला माणूस हवा. हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, बघू नका, कळलं मला.

गंज काढायचं काम मात्र सोपं नव्हतं. आधी रॉकेलमध्ये भिजत घालायचं, मग विटकरीचा भुगा आणि काथ्या, मग पॉलिश पेपर. पहिल्या दिवसांत ह्यांच्या हातातून पेपर निसटायचा. अंगठ्याला पकडायला समोर बोटच नाही. मग हळूहळू अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट एकमेकांना सापडायला लागले. मला आधी वाटायचं, नुसतं घासत बसलेत, आटे कधी शिकणार? नंतर कळलं, हात शिकत होताच. मीही बसले घासायला. भांडी घासण्यात मला कोण हरवणार? चिंचेचा कोळ घेऊन मी टेलस्टॉक असा घासला की त्याच्या पोटावर कोरलेले आकडे वर आले. हे म्हणाले, हे मला दिसलेच नव्हते. दोन दिवस माझा पाय जमिनीवर नव्हता.

अडलं ते लीड स्क्रूपाशी. लीड स्क्रू म्हणजे लेथच्या पुढून जाणारा लांब आट्यांचा दांडा. त्याच्याच आट्यांच्या मापाने नवे आटे कापले जातात. तो खराब, तर कापलेलं सगळं खराब. त्याच्या आट्यांच्या तळाशी गंज घट्ट बसलेला. घासावं तर कड झिजणार, न घासावं तर दांडा नटातून फिरत नाही. रॉकेल हरलं, चिंच हरली. शिवरात्र महिन्यावर आली आणि ह्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

आता मोतीबाई. आमच्या परसामागे कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे ही विधवा बाई राहायची. नवरा गेल्यावर ती दारू गाळून पोट भरायची, हे सगळ्या कुळगावाला ठाऊक. ऐन गौरींच्या जेवणाच्या दिवशी तिच्या भट्टीचा वास माझ्या चुलीपर्यंत आला होता, तेव्हा मी कुंपणावरून तिला तिच्या सात पिढ्यांसकट धुतली होती. त्यानंतर तीन वर्षं आमचं बोलणं बंद. मधल्या काळात दारूबंदी आली, ती दोनदा पकडली गेली, आणि पोलीस चौकीच्या जमादाराने तिला बजावलं की तिसऱ्यांदा नाव आलं तर तालुक्याबाहेर जावं लागेल. तिने भट्टी मोडली आणि लोकांच्या घरी दळण-कांडण करायला लागली.

तर ही मोतीबाई एक दिवस कुंपणाशी येऊन उभी राहिली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ह्यांना म्हणाली, भाऊ, माझा गंजका विळा एकदा गुळाच्या पिंपात पडला होता. महिन्याने वर काढला तर नव्यासारखा. दात न् दात मोकळा. तिच्याकडे भट्टीसाठी आणलेला काळा गूळ दोन डबे पडून होता. तो तिने कुंपणावरून दिला. हे ताबडतोब उठले. मी मात्र तिला एक शब्द बोलले नाही. पाणी तरी विचारायचं होतं, तेही नाही.

पिंपात गुळाचं पाणी केलं, त्यात लीड स्क्रू आणि त्याचा नट बुडवला. आठव्या दिवशी ह्यांनी टोक वर काढून पाहिलं तर आट्यांच्या तळाशी करडं लोखंड दिसायला लागलं होतं. हे मला हाक मारून दाखवायला घेऊन गेले, जसं काही घरात बाळ जन्मलं. अजून पंधरा दिवस, ते म्हणाले, शिवरात्रीला काढायचा.

पण गूळ आंबला आणि वास सुटला. विहिरीवर बायका विचारायला लागल्या, कमळे, पिंपात काय गं? एकदा सांगितलं, लोखंड. हसल्या. दुसऱ्यांदा सांगितलं, लेथ. आणखी हसल्या. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं आणि मी म्हणाले, दारू गाळतो आम्ही, या संध्याकाळी, येताना लोटे आणा. माझ्या जिभेला हाड नाही हे मला ठाऊक आहे. पण ती जीभ कुठवर चालत जाईल हे त्या दिवशी ठाऊक नव्हतं.

शिवरात्रीला चार दिवस होते. रविवार, त्यामुळे हे घरी. जमादार आला, बरोबर एक शिपाई आणि पंच म्हणून किराणा दुकानदार. सरळ परसात गेले आणि पिंपाचं झाकण काढलं. भपकारा आला. मग जमादाराने फळीवर नजर टाकली, तिथे पुडीत नवसागर. भांड्यांच्या कल्हईला लागतो तोच. ह्यांनी तो डाख द्यायला, सांधे जोडायला आणलेला. पण दारूच्या आंबवणातही तोच घालतात.

"काळा गूळ, नवसागर आणि आंबवण," जमादार म्हणाला. "आता आणखी काय बघायचं?"

ह्यांनी सगळं समजावून सांगितलं. पिंपात हात घालून लीड स्क्रू वर काढून दाखवला. जमादार वाईट माणूस नव्हता, पण असले सतरा बहाणे त्याने ऐकलेले. म्हणाला, वर लोखंड ठेवून खाली माल लपवणारेही पाहिलेत मी. पिंप आहे तसं, आतल्या सामानासकट सील होईल आणि कोर्टात जाईल. तारीख लागेल तेव्हा काय ते सांगा. तारीख म्हणजे महिने. सोमवार तर आठ दिवसांवर. ह्यांच्या हातातून काळं पाणी कोपरावरून ठिबकत होतं आणि तोंडाचा रंग असा झाला होता की कारखान्यातून बोटं घालवून आले तेव्हाही तसा नव्हता.

मी पुढे झाले. म्हटलं, साहेब, दारूचं मी रागाने म्हणाले, खोटं म्हणाले. जमादार म्हणाला, बाई, तुमच्याच तोंडचं आहे, विहिरीवर दहाजणींनी ऐकलंय. आधी माझ्या चिंधीने बोटं नेली, आता माझ्या जिभेने मशीन नेलं. जमीन दुभंगून पोटात घ्यावं असं वाटलं.

तेवढ्यात कुंपण हललं आणि मोतीबाई आत आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिने फक्त दार लावून घरात बसायचं होतं. जमादार तिला बघून म्हणाला, तू इथे कशाला? ती सरळ पिंपापाशी गेली. पिंपात बोट बुडवलं, चाखलं आणि बाजूला थुंकली. थुंकी शाईसारखी काळी पडली.

"यात लोखंड उतरलंय," ती म्हणाली. "भट्टीवर चढवलं तर पिणारा ओकून मरेल. एवढा गूळ घालून आपलाच माल कोण नासवील? बघा चाखून."

जमादाराने दुकानदाराकडे बघितलं, दुकानदाराने आभाळाकडे. शेवटी जमादाराने करंगळी बुडवून जिभेला लावली. त्याचं तोंड असं काही वाकडं झालं की दुसरा कुठला दिवस असता तर मी पोट धरून हसले असते. तोंड पुसून तो म्हणाला, बरं, पण हा गूळ आला कुठून? ह्यांनी पटकन सांगितलं, बाजारातून. मोतीबाईला तिथेच गप्प राहता आलं असतं.

"माझा आहे गूळ," ती म्हणाली. "भट्टीचा उरलेला. मीच दिला."

तिसऱ्यांदा नाव आलं तर काय होणार हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिला सगळ्यांत जास्त. जमादाराने वही काढली, थोडं लिहिलं, थोडं खोडलं. पिंप त्याने सोडलं. मोतीबाईला तालुक्याबाहेर काढलं नाही, पण तीन महिने दर बाजाराच्या दिवशी चौकीवर येऊन अंगठा द्यायचा, असं सांगून गेला. ती मान हलवून आल्या वाटेने कुंपणातून परत गेली. मी तिचे आभार मानायला तोंड उघडलं, आणि काय सांगू, रडूच आलं.

शिवरात्रीला अख्खं बदलापूर अंबरनाथच्या शिवमंदिराकडे चाललेलं आणि आम्ही दोघं परसात लीड स्क्रू धूत होतो. पाणी ओतलं तसा गंज काळा होऊन वाहून गेला आणि खालून आटे निघाले, एकसारखे, धारदार. तेल लावून ह्यांनी नट त्याच्यावर चढवला. तो बोटाच्या धक्क्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत गेला. मी मनातल्या मनात इथूनच शंभूला हात जोडले. जत्रेला न आल्याबद्दल तो रागावणार नाही असं मला वाटलं.

शुक्रवारपासून सराव. हे कामावरून यायचे आणि उजेड असेपर्यंत आम्ही लेथवर. मी चाक फिरवायची, हे आटे कापायचे. पहिल्याच वेळी हत्यार शेवटाला पोचलं, ह्यांचा तीन बोटांचा हात फिरत्या चकाजवळ गेला आणि माझे हात आपोआप थांबले. तुकडा वाया. हे म्हणाले, थांबायचं नाही, कारखान्याचं मशीन माझ्यासाठी थांबणार नाही. दुसऱ्यांदा थांबले. तिसऱ्यांदाही. हो म्हणायची आणि थांबायची. चक फिरताना दिसला की मला चिंधी दिसायची, त्याला मी काय करू?

रविवारी ह्यांनी लेथ सोडून माझ्याजवळ येऊन माझा पदर नीट खोचला, बांगड्या मागे सारल्या आणि म्हणाले, माझ्याकडे बघू नकोस, चाकाकडे बघ. मी बारकूच्या चाकाकडे बघितलं. त्याची एक आरी चिरलेली होती, ती वर आली की एक, वर आली की दोन, अशी मोजत राहिले. खांदे भरून आले. मोजणी कितीवर गेली कोण जाणे. शेवटी ह्यांनी बस म्हटलं तेव्हा त्यांच्या हातात चौकोनी आट्यांचा वीतभर स्क्रू होता आणि मापाचा नट त्याच्यावर गुपचूप फिरत होता, न अडता, न हलता. सहा स्क्रू वाया गेले होते. सातवा तो.

सोमवारी काय झालं ते मी पाहिलं नाही, पण श्रीपादराव त्याच आठवड्यात घरी आले तेव्हा त्यांनी सांगितलं. हे खिडकीतून उठून मशीनवर गेले, हात दोनदा झटकला, आणि पहिल्याच फेरीत आटे पाडून दिले. श्रीपादरावांनी नट फिरवून बघितला, मग दुसऱ्याला दिला, त्याने तिसऱ्याला. श्रीपादरावांनी फक्त स्टोअरमध्ये निरोप पाठवला की खिडकीत दुसरा माणूस बसवा. आमच्या घरी आल्यावर त्यांनी पडवीतला लेथ बघितला, परसातलं गुळाचं पिंप बघितलं आणि माझ्या हातचा चहा दोनदा मागून घेतला. चिंधीचं कागदावर काय लिहिलंय, ते त्यांनी मला तेव्हाच सांगितलं. हे तेव्हा पडवीत होते.

मी ते ऐकून रात्रभर तळमळले. दुसऱ्या दिवशी बाजार होता.

सकाळी मोतीबाई चौकीकडे निघाली तेव्हा मी दाराला कडी लावली आणि तिच्याबरोबर चालायला लागले. ती म्हणाली, तू कशाला? मी म्हटलं, चल गुमान. विहिरीवरून जायची वाट होती. सगळ्याजणी होत्या. कळश्या खाली ठेवून बघत राहिल्या. चौकीत जमादाराने मोतीबाईचा अंगठा घेतला आणि मला विचारलं, बाई, तुमचं काय काम? मी म्हटलं, गूळ तिचा, पण पिंप माझं होतं. घ्यायचा तर दोघींचा अंगठा घ्या. त्याने माझा अंगठा घेतला नाही. पण तिचे तीन महिने भरेपर्यंत मी दर बाजाराला तिच्याबरोबर गेले, आणि तिसऱ्या बाजारापासून तो आम्हांला बाकावर बसा म्हणायला लागला.

त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी हे पडवीत होते. मोतीबाईला शेवयांचं यंत्र करून द्यायचं त्यांनी ठरवलं होतं, दळणापेक्षा बरं पोट भरेल म्हणून, आणि त्यासाठी तो सातवा स्क्रू पुसून ठेवला होता. मी जाऊन समोर उभी राहिले. चौकीपर्यंत चालून आल्यामुळे असेल, मला धीर आला होता.

"ती चिंधी मी बांधली होती," मी म्हणाले. "आणि सोडू नका म्हणून ओरडले पण मीच. तुम्ही खोटं का सांगितलंत?"

ह्यांनी आट्यातलं तेल पुसून घेतलं, मग म्हणाले, "रक्त थांबलं होतं ना?"

"थांबलं होतं."

"मग झालं. तू रक्त थांबवायला बांधलीस, ते थांबलं. मशीनवर उभं राहताना चिंधी सोडायची असते हे मला ठाऊक होतं. तुला कुठून असणार?"

मला बोलायचं होतं, आयुष्यात पहिल्यांदा चांगलं काहीतरी बोलायचं होतं, पण हुंदक्याने काही सुधरू दिलं नाही. ह्यांनी थोडा वेळ मला रडू दिलं. मग चकात नवा तुकडा आवळला.

"पदर खोच," ते म्हणाले. "यंत्राला नट राहिलाय अजून."

मी पदर खोचला, मूठ धरली आणि चाक फिरवलं. त्या दिवशी ह्यांच्या हाताकडे बघत फिरवलं, आणि थांबले नाही.